बारा शब्द न विचारणाऱ्या भाऊजींना

भाऊजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे येऊ देऊ नका असं तुम्ही जाताना बजावलं होतं, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. ह्यांच्यासारखी २०१७-१८ च्या सुमारास हौसेनं थोडं बिटकॉइन घेऊन ठेवलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या घरच्यांना कधी ना कधी तो जुना लॅपटॉप उघडावाच लागणार आहे. तेव्हा त्यांच्या शेजारी तुमच्यासारखं कुणी बसलेलं असावं असं मला फार वाटतं.

हे गेल्यावर बँक, विमा, पोस्ट, पेन्शन यांची कामं झाली. कागद होते, खिडक्या होत्या, कुठल्या खिडकीत काय द्यायचं हे सांगणारी माणसं होती. बिटकॉइनचं काम मात्र तसंच राहिलं. ह्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं की लॅपटॉपमध्ये ‘इलेक्ट्रम’ नावाचं वॉलेट आहे, पासवर्ड डायरीत आहे आणि बारा इंग्रजी शब्द कपाटातल्या वहीत आहेत. त्या शब्दांवरून वॉलेट कुठेही परत उभं करता येतं, म्हणजे शब्द ज्याच्या हाती त्याच्या हाती नाणी. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढलं आणि बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या व्यवहारांना सेवा देणं थांबवायला बँकांना ३ महिने दिले, तेव्हा ह्यांनी एक्सचेंजवरची, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवरची, सगळी नाणी या वॉलेटमध्ये आणली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं, पण ह्यांनी नाणी परत हलवली नाहीत. वॉलेटची आवृत्तीही तीच राहिली, ३.१.३.

मी ते उघडलं तर खाली कोपऱ्यात लाल ठिपका आणि ‘जोडलेले नाही’ असा अर्थ असलेला इंग्रजी शब्द. चार ठिकाणी विचारपूस केली आणि मदतीला लोक धावून आले. एकजण व्हॉट्सअॅपवर स्वतःला ‘इलेक्ट्रम सपोर्ट’ म्हणवत होता आणि पडताळणीसाठी बारा शब्दांचा फोटो मागत होता. दुसऱ्याला एनीडेस्क घालून हवं होतं, म्हणजे तो लांबून सगळं करून देणार. मी कुणालाच उत्तर दिलं नाही, तुम्हाला फोन लावला. ह्यांच्या ऑफिसात संगणकाचं काही अडलं की हे तुमचंच नाव घ्यायचे.

तुमचं पहिलं वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. ‘वहिनी, कुणाला काही पाठवू नका, लॅपटॉपचं नेट बंद करा, आणि घाबरू नका, नाणी त्या लॅपटॉपमध्ये नाहीतच.’ मग तुम्ही सातबाऱ्याचं उदाहरण दिलंत. जमीन काही आपल्या ट्रंकेत नसते, नोंद दफ्तरात असते, आपल्याकडे असतो तो सही करण्याचा अधिकार. बिटकॉइनची नोंदवही जगभरातल्या हजारो संगणकांवर आहे आणि वॉलेटमध्ये आहे फक्त सही करणारी किल्ली. सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून नोंद पुसली जात नाही. वॉलेटमधला एक पत्ता, खातेक्रमांकासारखा, तुम्ही मला वाचून दाखवायला सांगितलात, शब्द नव्हे, पत्ता. तो कुणालाही दिला तरी त्यातून पैसे काढता येत नाहीत हेही समजावलंत. फोनवरच तुम्ही तो सार्वजनिक नोंदवहीत बघितलात आणि म्हणालात, ‘आहे, हललेलं नाही.’ त्या रात्री मला झोप लागली.

एनीडेस्कवर करू का म्हणून मी विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात. ‘पडद्यावर शब्द येण्याची वेळ येईल तेव्हा मी तो पडदा बघता कामा नये,’ हे तुमचं कारण. त्यासाठी तुम्ही पुण्याहून कराडला एसटीनं आलात.

त्या लाल ठिपक्यामागची हकिकत तुम्ही सांगितलीत ती इथे लिहिते, कारण तिच्यावरून तुमची सगळी काळजी समजते. इलेक्ट्रम हे थॉमस व्होग्टलिन यांनी २०११ साली सुरू केलेलं मोफत वॉलेट. ते अख्खी नोंदवही उतरवून घेत नाही, इतरांनी चालवलेल्या सर्व्हरांना विचारतं. असा सर्व्हर कुणीही उभा करू शकतो. जुन्या आवृत्त्यांत एक उणीव होती. पैसे पाठवताना सर्व्हरनं नकार दिला तर त्यानं पाठवलेला मजकूर वॉलेट जसाच्या तसा, सजवून, स्वतःच्याच खिडकीत दाखवायचं. डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी नेमका याचाच फायदा घेतला. त्यांनी आपले सर्व्हर घुसवले आणि पैसे पाठवणाऱ्यांना संदेश दाखवला की सुरक्षेसाठी तातडीनं नवी आवृत्ती घ्या, हा घ्या पत्ता. त्या पत्त्यावरचं ‘नवं इलेक्ट्रम’ उघडलं की एक कोड मागायचं आणि तो दिला की नाणी गेलीच.

म्हणजे अपडेट हेच चोरीचं हत्यार होतं. म्हणून इलेक्ट्रमच्या मंडळींनी पुढच्या आवृत्त्यांत असले संदेश दाखवणं बंद केलं आणि २०१९ मध्ये प्रामाणिक सर्व्हरांनी जुन्या आवृत्त्यांना जोडून घेणंच थांबवलं. त्यावर चोरांनी त्या सर्व्हरांवर दीड लाखांच्या घरातल्या बाधित संगणकांकडून हल्ला चढवला. आमचा लाल ठिपका म्हणजे कुणीतरी मुद्दाम लावलेलं कुंपण होतं, आमच्या भल्यासाठी. पण त्यातला धोका तुम्ही हेरलात तो असा, की इतक्या जुन्या आवृत्तीला आज जो सर्व्हर आनंदानं जोडून घेईल, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? २०२० च्या ऑगस्टमध्ये एका माणसानं असंच २०१७ पासून न उघडलेलं वॉलेट उघडून पैसे पाठवायला घेतले, आलेला संदेश खरा मानून ‘अपडेट’ टाकलं, आणि त्याची १४०० बिटकॉइन गेली. हे ऐकल्यावर नेट बंद का करायला लावलंत ते मला कळलं.

मग आपण बसलो. आधी जुन्या लॅपटॉपमधली वॉलेटची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तिची आणखी एक प्रत केली आणि एक पेनड्राइव्ह बाजूला ठेवला. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडताना ती आपल्या पद्धतीनं बदलून घेते आणि मग जुनी आवृत्ती ती वाचू शकत नाही, म्हणून मूळ प्रत कुठेतरी जशीच्या तशी हवीच, असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं की बारा शब्द असताना फाइलची एवढी काळजी कशाला? तुम्ही म्हणालात, ‘शब्दांतून नाणी परत येतील, दादांनी लिहिलेलं परत येणार नाही.’ म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं नाही.

नवी आवृत्ती आपण माझ्या लॅपटॉपवर उतरवली. शोधखिडकीत नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवर जायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. तरीही तुमचं समाधान नव्हतं. फाइल बनवणाऱ्याचीच आहे हे दाखवणारी सहीची वेगळी छोटी फाइल सोबत असते ती घेतलीत, सही तपासणारा क्लिओपात्रा नावाचा प्रोग्राम टाकलात आणि ती सही ज्यावरून तपासायची ती व्होग्टलिन यांची सार्वजनिक किल्ली आणलीत. ती किल्ली खरी त्यांचीच का हे ओळखायचा ठसा ४० अक्षरांचा. तुमच्याकडे काही वर्षांपूर्वी जपून ठेवलेला ठसा होता, तो तुम्ही चार-चार अक्षरांनी वाचत गेलात आणि मी पडद्यावर बोट ठेवून होकार देत गेले. मधेच मी एक अक्षर चुकीचं ऐकलं तर तुम्ही पहिल्यापासून सुरुवात केलीत, जराही न वैतागता. सही जुळली. खाली पिवळ्या पट्टीत इशारा आला की ही किल्ली प्रमाणित नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही सांगितलंत की तो इशारा सहीबद्दल नाही, ही किल्ली याच माणसाची आहे हे आपण अजून आपल्या संगणकाला सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ठसा तर आत्ताच वाचून पाहिला. त्याच फाइलवर आणखीही जणांच्या सह्या होत्या, त्यांच्या किल्ल्या आपल्याकडे नसल्यानं त्या तपासता आल्या नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

या एका कामाला लागलेला वेळ बाकी सगळ्यापेक्षा जास्त होता. कुणी म्हणेल एवढं कशाला, साइट बरोबर असली की झालं. मी आता तसं म्हणणार नाही. खोट्या साइट हुबेहूब असतात, सही हुबेहूब करता येत नाही.

नवं इलेक्ट्रम उघडलं, पेनड्राइव्हवरची प्रत निवडली, पासवर्ड मी टाकला आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात. ठिपका हिरवा झाला. आणि व्यवहारांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ह्यांनी लिहिलेलं उमटलं. कुठे ‘दिवाळी बोनस’, कुठे त्या दिवशीचा भाव आणि रुपयांतली रक्कम, एका ओळीत ‘गच्चीच्या पत्र्यासाठी, हात लावू नये’. ती टिपणं नोंदवहीत नसतात, बारा शब्दांतून येत नाहीत, फक्त त्या फाइलमध्ये असतात. भाऊजी, त्या फाइलची प्रत आधी घेण्याचा हट्ट तुम्ही धरला नसता तर ही अक्षरं मला कधी दिसलीच नसती. पैशांपेक्षा याबद्दल मी तुमची जास्त ऋणी आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनंही त्या टिपणांचं मोल मोठं निघालं. १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइन विकून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत सोडली तर कुठलाच खर्च वजा करता येत नाही. कधी, कितीला घेतलं हे ह्यांच्या हातचं लिहिलेलं बघून आमचे सीए खूश झाले.

जुना लॅपटॉप इतकी वर्षं कुणाकुणाच्या हातात गेला असेल, म्हणून नव्या बारा शब्दांचं वॉलेट करून नाणी तिकडे हलवू या, हीही सूचना तुमचीच. नवे शब्द पडद्यावर आले तेव्हा तुम्ही खोलीतही थांबला नाहीत. गॅलरीत गेलात, दार ओढून घेतलंत. मी ते वहीत उतरवले, इलेक्ट्रमनं परत टाइप करायला लावले, जुळले, तेव्हा तुम्हाला हाक मारली. मग आधी अगदी छोटी रक्कम पाठवली. ती नोंदवहीत पक्की व्हायची वाट बघत आपण चहा घेतला. साधारण दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं, पण कधी जास्तही लागतात, तसे लागले. पक्की झाली तरी तुम्ही मला नवं वॉलेट पुसायला लावलंत आणि वहीतल्या शब्दांवरून परत उभं करायला लावलंत. छोटी रक्कम त्यात जिथल्या तिथे होती. मगच बाकीची हलवली. पाठवण्याचं बटण प्रत्येक वेळी मीच दाबलं.

वॉलेटमध्ये किती होतं ते तुम्हाला आजही माहीत नाही आणि तुम्ही विचारलंही नाहीत. टक्केवारीची गोष्ट मी काढली तेव्हा तुमचा चेहरा पडला, म्हणून पुन्हा काढली नाही. एसटीचं भाडंसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत. ज्याला सगळं नेता आलं असतं अशा माणसानं पाठ फिरवून उभं राहावं, ही मदत किती मोठी असते हे ज्याच्या घरी अशी वही आहे त्यालाच कळेल.

गेल्या महिन्यात इलेक्ट्रमची आणखी एक आवृत्ती आली. फाइलची प्रत, साइटचा पत्ता, सही, ठसा, सगळं मी तुम्ही दाखवलंत त्याच क्रमानं केलं. ४० अक्षरं माझ्या डायरीत आहेत, ती माझ्या धाकट्या जावेनं वाचली आणि मी पडद्यावर जुळवली. तिच्या भावाकडेही असंच एक जुनं वॉलेट निघालं आहे. त्याला मी तुमचा नंबर दिलेला नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय देणारही नाही. पहिल्या दिवशी फोनवर तुम्ही जे सांगितलंत ते मात्र त्याला सांगितलं आहे. नेट बंद कर, शब्द कुणाला दाखवू नकोस, आधी फाइलची प्रत घे. सही तपासायला मी त्याच्याकडे पुढच्या रविवारी जाते आहे. काही अडलं तर संध्याकाळी तुम्हाला फोन करीन, तेवढा उचला.

मनापासून आभार, भाऊजी.

तुमची वहिनी,
कराड