गरम झाल्यावर बंद पडणारे इंजिन

मिशिगन,
दि. १२ मे

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की गोठ्यामागची पेट्रोल जीप आता भंगारात देऊन टाकावी, कारण ती सकाळी चालू होते, पण गरम झाली की आचके देत बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. तेव्हा मी काही बोललो नाही; हे फोनवर नीट सांगता आले नसते. कृपा करून हे पत्र वाचून होईपर्यंत भंगारवाल्याला बोलावू नका.

इथे शेजारी एक वृद्ध शेतकरी राहतात. त्यांच्याकडे १९४९ सालचा फोर्ड ८एन ट्रॅक्टर आहे, याच राज्यातील हायलंड पार्कच्या कारखान्यात तयार झालेला. १९४७ ते १९५२ या काळात हे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक निघाले, आणि त्यांपैकी पुष्कळ आजही कामात आहेत. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की डिझेलचाच, पण हा पेट्रोलवर चालतो. पंपाच्या डिझेल इंजिनात जे काम फ्युएल पंप वेळेवर करतो, ते ठिणगीच्या बाबतीत इथे डिस्ट्रिब्युटर करतो. या ट्रॅक्टरचे दुखणे हुबेहूब आपल्या जीपसारखे होते. मालकांनी पेट्रोलची टाकी धुऊन घेतली होती, कार्ब्युरेटर दोनदा उघडला होता. डिस्ट्रिब्युटरला मात्र कोणी हात लावला नव्हता, कारण तो इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पंख्याच्या मागे अडचणीत बसवलेला आहे.

मी आधी काहीही न खोलता ट्रॅक्टर बंद पडेपर्यंत चालू ठेवला आणि तो बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच, स्पार्क प्लगची वायर काढून इंजिनाच्या हेडपासून थोड्या अंतरावर धरली आणि स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी नव्हती. हीच तपासणी दहा मिनिटांनी केली असती तर ठिणगी दिसली असती आणि आम्ही पुन्हा कार्ब्युरेटरकडे वळलो असतो. अण्णा, हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण गरमीतला दोष गरम असतानाच पकडावा लागतो.

डिस्ट्रिब्युटर दोन बोल्टांवर सुटतो. वरची चौकोनी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी दाब वाढवणारे तारेचे वेटोळे, उतरवून तो मी बाकावर घेतला. आतली रचना साधी आहे. शाफ्टवर चार उंचवटे असतात. त्यांच्यामुळे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे दोन छोटे तुकडे, मिटतात आणि उघडतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये करंट वाहतो, आणि ते उघडताच तो तुटून प्लगवर ठिणगी पडते. इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना हे मिनिटाला ३००० वेळा घडते. शेजारचा कंडेन्सर उघडत्या पॉइंटांवर ठिणगी उडू देत नाही. तो खराब झाला की पॉइंट जळू लागतात. या ट्रॅक्टरच्या एका पॉइंटवर खड्डा पडला होता, आणि दुसऱ्यावर तेवढेच टेकाड उठले होते.

पॉइंटचा गॅप, म्हणजे ते पूर्ण उघडल्यावरची फट, १५ हजारांश इंच हवा. फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या मोजपट्ट्यांनी, पहिल्या उंचवट्यावर मी तो अचूक लावला, पण शाफ्ट फिरवून दुसऱ्यावर मोजला तर ९ भरला, तिसऱ्यावर १८. शाफ्ट चिमटीत धरून बाजूला ढकलला, तेव्हा तो बोटांना स्पष्ट जाणवेल इतका हलला. शाफ्ट ज्यांत फिरतो ते बुश झिजले होते. शाफ्ट असा डोलत असताना गॅप लावण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येक सिलिंडरची ठिणगी वेगळ्या वेळी पडते. जुने बुश काढून नवे दाबून बसवले आणि आतून शाफ्टच्या मापाला रीमरने घासून घेतले.

पण ठिणगी जात होती त्याचे खरे कारण वेगळेच निघाले, आणि ते शोधताना माझी संध्याकाळ गेली. कॉइलचा करंट पॉइंटकडे नेणारी तांब्याची पातळ पट्टी बॉडीतून जाते तिथे इन्सुलेशनचा एक छोटा तुकडा असतो. तो तडकून निम्मा झडला होता. इंजिन तापले आणि थरथरू लागले की पट्टी बॉडीला टेकत असे, आणि करंट पॉइंटला वळसा घालून सरळ बॉडीत उतरत असे; मग पॉइंट उघडूनही तो तुटत नसे आणि ठिणगी पडत नसे. थंड झाल्यावर पट्टी पुन्हा सुटत असे. नखाएवढ्या तुकड्यासाठी पूर्ण वर्षभर तो ट्रॅक्टर शेतात मध्येच उभा राहत होता.

नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवल्यावर पॉइंटांच्या मधून कोरा पांढरा कागद ओढला. त्यावर तेलाचा करडा पट्टा उमटला. कागद स्वच्छ येईपर्यंत हे करावे, कारण नव्या पॉइंटवरही तेलाचा पातळ थर असतो आणि तेवढाही करंट अडवतो. पॉलिश पेपर मात्र वापरू नये. त्याचे कण पॉइंटांत अडकतात. परत बसवताना एक दक्षता घ्यावी लागते. शाफ्टच्या टोकाची जीभ कॅमशाफ्टच्या खाचेत बसते, आणि ती खाच मध्यापासून किंचित बाजूला असते, म्हणजे डिस्ट्रिब्युटर एकाच स्थितीत बसतो. तो हाताने सपाट टेकला नाही तर शाफ्ट फिरवून जीभ खाचेत उतरू द्यावी. बोल्ट आवळून ओढून घेतला तर बॉडीचा कान तुटतो. गेल्या शनिवारी त्या ट्रॅक्टरने सलग तीन तास गवत कापले, आणि मालक तेवढा वेळ कुंपणाजवळ उभे राहून नुसते ऐकत होते.

जीपचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे तुम्हाला काम सोपे जाईल. पण तो सोडवण्यापूर्वी रोटर, म्हणजे कॅपखाली शाफ्टच्या टोकावर फिरणारा तुकडा, कोणीकडे तोंड करून आहे आणि बॉडी कोणत्या कोनात आहे याच्या खुणा खडूने करून ठेवा, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जाईल. गॅपचे माप जीपच्या पुस्तकातलेच घ्या, माझे घेऊ नका. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या, आतून केसासारखी काळी रेघ दिसते का पाहा, पॉइंटकडे जाणाऱ्या वायरचे इन्सुलेशन बोटाने चाचपा, आणि इंजिन बंद असताना चावी चालू राहू देऊ नका, कॉइल त्यानेही जळते.

तूर्तास कॅप काढून शाफ्ट बाजूला किती हलतो, आणि गरम बंद पडल्याक्षणी ठिणगी येते की नाही, एवढे दोनच मला कळवा. बुश झिजले असतील तर तालुक्याचा लेथवाला ते करून देईल. पॉइंट आणि कंडेन्सर तिथे मिळाले नाहीत, तर दिवाळीला येताना मी घेऊन येईन.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
धाकटा