पिशवीत चिठ्ठी नको

लीड्स
रविवार, संध्याकाळ

प्रिय एस्तू,

सप्रेम सलाम.

नाताळच्या तुझ्या कार्डाला उत्तर गेलं नाही, म्हणजे तू फुगून बसली असशील. फुगायचा हक्क आहे तुला. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. ते जाऊ दे. मला तुझ्याशी एका गोष्टीवर बोलायचंय आणि इथे ती सांगितली तरी कुणाला उमगायची नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी फूड बँक चालते हे तुला माहीत आहे. डॉक्टर, शाळा नाहीतर सोशल वर्कर गरजू माणसाला व्हाउचर देतात, ते घेऊन तो येतो, आणि आम्ही तीन दिवसांचा कोरडा शिधा बांधून देतो. बीन्सचे डबे, पास्ता, सीरियल, टोमॅटोचे डबे, चहाच्या पिशव्या, टिकाऊ दूध. मध्यंतरी एक पोरगी आली. असेल विशी-बाविशीची, बाबागाडीत बाळ. व्हाउचर हातातच धरून ठेवलेलं, देईना. मग हळूच म्हणाली, "मी चर्चला येत नाही. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल गं." आणि कामाला लागले. पास्ता काढते तर म्हणाली, खोलीत शेगडी नाही, फक्त किटली आहे. मग भरलेली पिशवी पुन्हा उपसली. पास्ता बाहेर, तांदूळ बाहेर. त्या जागी कपात गरम पाणी ओतून होणारे नूडल्स, सूपची पाकिटं, झटपट होणारे ओट्स, बिस्किटं. डबे सगळे हाताने उघडायचे आहेत ना, हेही एकेक उलटं करून पाहिलं, कारण तिच्याकडे कॅन ओपनरही नसणार. ती बघत उभी होती. जाताना थँक्यू म्हणाली, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि गेली. एवढंच. पण तिचा तो प्रश्न मला रात्रभर झोपू देईना. तुला कळलं असेल का ते.

आपल्या दोघींच्या घरात हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. "पोटासाठी बाटलेले" हे आपण किती जणांच्या तोंडून ऐकलंय! शाळेत डबा उघडला की, कॉलेजात फी माफीचा फॉर्म भरला की. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली तेव्हा लहान पोर होती. तिला धान्य मिळालं हे खरंच आहे, त्यात लपवायचं काय? पण पोटापुरतं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडूनही मिळत होतं. पाटीवर स्वतःचं नाव लिहायला मात्र गावकुसाबाहेरच्या त्या पोरीला दुसरं कुणीही बसवून घेतलं नसतं. हे आपण सांगत राहिलो आणि लोक तांदूळच मोजत राहिले. म्हणून ती पोरगी जेव्हा दबक्या आवाजात विचारते की येत नसले तर चालेल ना, तेव्हा टेबलाच्या ह्या बाजूला मी उभी आहे आणि त्या बाजूला माझी पणजी.

आता खरा पेच ऐक. त्याच आठवड्यात कमिटीची बैठक होती. आमच्या चर्चमधल्या एका आजींनी ठराव मांडला की प्रत्येक पिशवीत एक छोटं कार्ड घालावं, त्यावर शास्त्रातलं एक वचन आणि रविवारच्या उपासनेची वेळ. आजी म्हणजे साधी बाई नाही. त्यांच्या जन्मापासून त्या ह्याच चर्चमध्ये आहेत, हिवाळ्यात हॉलची चावी त्यांच्याकडे, कुणाच्या घरी मयत झालं की पहिलं सूप त्यांचं जातं. बऱ्याच माना डोलल्या. मी उठून म्हटलं, पिशवीत फक्त अन्न असावं. ज्याला भूक आहे त्याला आपण ख्रिस्ताचं नाव अशा वेळी देतोय की त्याला नको म्हणता येत नाही. आणि जे नाकारता येत नाही ते सुवार्ता कसं होईल? मत घेतलं. कार्ड थोडक्यात पडलं.

नंतर कप विसळताना आजी माझ्याजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जड गेलं. म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या काळात इथून माणसं तुमच्याकडे पाठवली, पैसे पाठवले. तुम्ही ऐकलंत म्हणून आज आमच्यात उभ्या आहात. आणि आता तुम्हीच सांगताय की आम्ही बोलू नये?"

एस्तू, आपल्या अहमदनगरला मिशनरी आले ते अमेरिकन होते, १८३१ पासून, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी काही बोलले नाही. कारण त्यांचं दुःख खरं आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती लिहिणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. दहा वर्षांपूर्वी ५९.३ होते. 'धर्म नाही' लिहिणारे ३७.२ टक्के. आजींना हे आकडे कुणी सांगायला नकोत, त्या रविवारी बाकांकडे बघतात. त्यांची स्वतःची नातवंडं येत नाहीत.

माझी लेक तरी कुठे येते? परवा जेवताना पोरगी म्हणाली, "आई, मदत सगळेच करतात. तुझ्या येशूचं त्यात वेगळं काय?" उद्धटपणे नाही, खरंच विचारत होती. आणि खरंही आहे. आमच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त राबणारा माणूस म्हणजे एक निवृत्त बस ड्रायव्हर, देव मानत नाही, क्रेट उचलायला सगळ्यात पुढे. डब्यांच्या तारखा तोच तपासतो, जुने पुढे, नवे मागे. ह्या देशात २००० मध्ये सॉल्सबरीला एका ख्रिस्ती जोडप्याच्या संस्थेने फूड बँक सुरू केली, आता त्याच जाळ्यातून २०२३-२४ मध्ये ३१ लाखांहून जास्त पिशव्या गेल्या. त्यातल्या कितीतरी चर्चच्या हॉलमधूनच गेल्या, पण पिशव्या बांधणारे सगळे थोडेच चर्चचे? मग मी तिथे ख्रिस्ती म्हणून काय करते? इथे कुणी छळत नाही, कुणी शिव्या देत नाही, फक्त कुणाला घेणं नसतं. आपल्याकडे निदान भांडायला माणूस मिळतो. इथे हळूहळू आपणही इतके सभ्य होतो की आपण कोण हे सांगायचंच राहून जातं. आजींना भीती आहे ती ह्याची आणि ती मलाही आहे.

तुला आपलं माळीवाडा स्टँडवरचं भांडण आठवतं का? तू पत्रकांचा गठ्ठा घेऊन एसटीच्या खिडक्याखिडक्यांतून देत होतीस आणि मी लांब उभी. परत येताना तू म्हणालीस, तुला ख्रिस्ताची लाज वाटते. कितीतरी दिवस आपण बोललो नाही, मेसमध्येसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर. मग दुसऱ्याच आठवड्यात भेळवाल्याने तुझ्याच पत्रकाच्या पुडीत भेळ दिली आणि तू म्हणालीस, "बघ, कसं का होईना, पोचलं ना घरोघरी!" त्या हसण्यात भांडण विरलं, पण मिटलं नव्हतं. आजही तू म्हणशील, कुमुद तेव्हाही लांब उभी होती आणि आताही. म्हणून तर तुला लिहितेय. मी लांब उभी नाही गं. माझं म्हणणं ऐक.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही वाँटेजला गेलो होतो, जिथे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. छोटं गाव, बाजाराचा चौक. तिथे उभी असताना मला पुण्यातलं शारदा सदन आठवत होतं. रमाबाईंनी विधवा मुलींना आसरा दिला, धर्म शिकवायची सक्ती केली नाही, मुलींचे सोवळेओवळे सांभाळू दिले. पण स्वतःची प्रार्थना त्यांनी लपवली नाही. आपल्या खोलीत, दार उघडं ठेवून करायच्या. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून केवढं वादळ उठलं, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे इतकं जपूनही आरोप टळला नाहीच. तरी मला तेच दार बरोबर वाटतं. आत या म्हणून कुणाचा हात ओढायचा नाही, आणि कुणाला आपली प्रार्थना खटकेल म्हणून दारही लावायचं नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही बघ. त्यांच्यावरून कॉलेजात तू आणि मी किती वाद घातले! १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते बाहेर पडले आणि देवाचा दरबार उभा केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसायचे. पगारी माणसाच्या शब्दावर ऐकणाऱ्याला संशय राहतो हे त्यांना नगरात राहून कळलं होतं असं मला वाटतं. पिशवीतलं कार्ड मला त्या पगारासारखं वाटतं. ते काढलं की बोलणं मोकळं होतं.

आणि तसं झालं, म्हणून एवढं लिहायचा धीर आला. बैठकीनंतरच्या गुरुवारी तो बस ड्रायव्हर क्रेट लावता लावता म्हणाला, "तू कार्डाच्या विरोधात का बोललीस? तूच तर इथली सगळ्यात भाविक." मी त्याला पणजीचं सांगितलं. खडी, अनाथाश्रम, पाटी. नगरचं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "ह्या सगळ्या बोलण्यानंतरही तू मानतेस? का?" मी म्हटलं, ज्या येशूने शिष्यांचे पाय धुतले, आणि त्यांत त्याच रात्री नाकारणाऱ्याचे आणि धरून देणाऱ्याचेही धुतले, तो मला सोडवत नाही. मला मेहनताना नको, पण हे त्याच्यासाठी करते हे लपवायचंही नाही. दर गुरुवारी सकाळी हॉल उघडायच्या आधी मी येणाऱ्यांसाठी प्रार्थना करते, तुझ्यासाठीही करते, हेही सांगितलं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्यासाठी कशाला? बरं, कर." आणि टोमॅटोचे डबे मोजायला लागला. तो उद्या चर्चला येईल असं मला अजिबात वाटत नाही. पण त्याने विचारलं, आणि मी सांगितलं. बायबलात पेत्र लिहितो ना, कुणी आशेचं कारण विचारलं तर सांगायला तयार असा, पण सौम्यपणे. विचारलं तर! आधी त्याला विचारावंसं वाटलं पाहिजे.

आजींकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना म्हटलं, पिशव्यांच्या टेबलाजवळ नका उभ्या राहू, चहाच्या टेबलावर बसा. चहा कुणालाही मिळतो, व्हाउचर लागत नाही, कुणी उठून गेलं तरी चालतं. तिथे तुम्ही तुमच्या देवाबद्दल हवं ते बोला. त्या आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या, "केक चालेल का?" चालेल म्हटलं. आता त्या तिथे बसतात. परवा एका माणसाचा हात धरून त्याच्या आईसाठी प्रार्थना करत होत्या, त्यानेच सांगितलं होतं म्हणून. त्या माझ्यावर अजून पूर्ण खूश नाहीत. माझ्या हातचा समोसा मात्र खातात.

राहता राहिली माझी लेक. तिला काय उत्तर देऊ? मी म्हटलं होतं, वेगळं काय ते मला एका वाक्यात सांगता येत नाही, गुरुवारी माझ्याबरोबर ये. आली नाही. अभ्यास होता म्हणे. ओढून न्यायचं नाही असं मीच सगळ्यांना सांगत फिरते, मग तिला कशी ओढू? पण तिच्यासाठी जीव तुटतो गं. तुझी पोरं आठवड्याला महिला मंडळाच्या बायकांच्या तावडीत सापडतात, इथे तिला अडवायला एक आत्या नाही, की कापणीच्या सणाला लिलावात स्वतःचीच कोंबडी चढ्या भावाने परत घेणारे तुझे अण्णा नाहीत. इथेही कापणीचा सण होतो, पण वेदीपुढे आता बीन्सचे डबे असतात आणि सोमवारी ते सगळे फूड बँकेत येतात. मला तो सण खूप आवडतो.

तुझं काय? गुडघ्याचं ऑपरेशन केलंस की अजून पुढे ढकलते आहेस? धाकट्याची नोकरी लागली का? शाळेत नव्या बाई कशा आहेत? नगरचं नाव बदलल्यावर पत्ता कुठला लिहायचा ते कळव, मी अजून जुनाच लिहितेय. अण्णांना सलाम सांग.

एक काम कर. नलूमावशीकडे जा आणि पणजीची हकिकत तिच्या तोंडून काढून घे. जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण आधी तिला चहा दे, नाहीतर ती फक्त आजारपणं सांगते. आणि मंडळीच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत १९०० च्या आसपासच्या नोंदी शोधून पाळकसाहेबांना विचारून फोटो पाठव. लेकीला ते ऐकवायचंय. तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलं की सगळं कळतं.

आणि मी चुकतेय असं वाटत असेल तर तसं लिही. तुझ्याएवढं तोंडावर कुणी सांगत नाही इथे. पण पुढच्या नाताळपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
कुमुद