इंटरप्टचा कोड वाचायलाही शिकवावे

महोदय,

अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोग्राम लिहायला शिकवतात. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम बारकाईने वाचायला मात्र क्वचितच शिकवतात. स्टोरेज कंट्रोलर (डिस्कचे काम सांभाळणारे उपकरण) चालवणाऱ्या प्रोग्राममधील, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरमधील, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला घातलेली हाक) हाताळणारा कोड तपासणे हे माझे रोजचे काम असल्याने ही उणीव मला फार जाणवते.

डिस्कवरचे काम पूर्ण झाले की कंट्रोलर इंटरप्ट पाठवतो आणि प्रोसेसर हातातले काम तिथेच थांबवून ड्रायव्हरच्या हँडलरकडे, म्हणजे इंटरप्ट हाताळणाऱ्या भागाकडे, वळतो. हे कोणत्या ओळीवर घडेल, ते लिहिणाऱ्याच्या हाती नसते. ड्रायव्हरच्या एखाद्या भागाने विनंत्यांच्या यादीसाठी स्पिनलॉक (एका वेळी एकालाच यादी हाताळू देणारे कुलूप) घेतला असताना प्रोसेसरच्या त्याच कोअरवर (गणन करणाऱ्या एककावर) इंटरप्ट आला आणि हँडलरलाही तोच लॉक हवा असला, तर हँडलर लॉक सुटण्याची वाट पाहत फिरत राहतो, आणि हँडलर संपल्याशिवाय लॉक धरणारा भाग पुढे सरकू शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करूनच लॉक घ्यावा लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशा चुका पकडणारी लॉकडेप ही सोय 2006 पासून आहे, पण कोडमधला जो मार्ग चाचणीत कधी चाललाच नाही, त्याबद्दल तीही काही सांगू शकत नाही.

मी तपासलेल्या एका ड्रायव्हरमध्ये कंट्रोलर काढून घेताना आधी स्मृती मोकळी केली जात होती आणि इंटरप्टची नोंदणी त्यानंतर रद्द होत होती. चाचणीच्या यंत्रावर त्या कंट्रोलरची इंटरप्ट लाइन (इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत नेणारी जोडणी) इतर कोणाच्या वाट्याला नव्हती, त्यामुळे सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. ग्राहकाकडे तीच लाइन दुसऱ्या उपकरणाबरोबर वाटून घेतलेली असती, तर त्या उपकरणाच्या इंटरप्टनेही आमचा हँडलर जागा झाला असता आणि मोकळ्या केलेल्या स्मृतीला त्याने हात घातला असता. दोन ओळींचा क्रम बदलून हा दोष गेला. तो सापडला, तो केवळ वाचनामुळे.

सामायिक लाइनवर हँडलरने आपल्या कंट्रोलरचे स्टेटस रजिस्टर (त्याची सद्यस्थिती दाखवणारी जागा) वाचून ‘हा इंटरप्ट माझा’ किंवा ‘माझा नाही’ असे खरे उत्तर देणेही तितकेच आवश्यक असते. एक लाख इंटरप्टांपैकी 99,900 हून अधिक बेवारस राहिले, तर लिनक्स ती लाइनच बंद करते. उलट, हँडलर प्रत्येक इंटरप्ट आपलाच म्हणू लागला, तर शेजारच्या उपकरणाचा बिघाड झाकला जातो.

पुण्यात साठवणूक प्रणालींवर काम करणारी अनेक विकास केंद्रे आहेत आणि आपलीच मुले तिथे रुजू होतात. लिनक्सचा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्कसाठीचा) ड्रायव्हर कोणालाही वाचण्यासाठी खुला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांतील दोन-तीन तास तरी विद्यापीठांनी त्याच्या वाचनाला द्यावेत, आणि ‘नेमक्या या ओळीवर इंटरप्ट आला तर काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांकडून लेखी घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

— एक संगणक अभियंता, पुणे