विषय: परत आलेल्या साड्यांवर गेलेलं कमिशन, आणि कालचा फोन

येवला, जि. नाशिक
16 मे 2025

प्रति,
व्यवस्थापन

हे तिकीट नाही, पत्र आहे. तिकिटं नऊ झाली. काल दुपारी तुमच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं आणि त्यानंतर ठरवलं की आता मदत क्रमांकावर फोन करायचा नाही, जे काही सांगायचं ते थेट तुम्हाला लिहून. इन्स्टाग्रामवर आमच्या साड्या दाखवणाऱ्या मुलींचा, म्हणजे इन्फ्लुएन्सरचा, हिशेब ठेवणारं आणि त्यांचं कमिशन देणारं तुमचं सॉफ्टवेअर काय करतं हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. ते तुम्ही बनवलंय.

मूळ दुखणं एकच आहे. ऑर्डर पडली की विक्री झाली असं तुमचं सॉफ्टवेअर धरून चालतं. आमच्या धंद्यात ऑर्डर पडणं आणि विक्री होणं यात पंधरा-वीस दिवसांचं अंतर असतं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक कॅश ऑन डिलिव्हरी घेतं. कुरिअरवाला दारात जातो, कुणी घरी नसतं, कुणाचा विचार बदललेला असतो, दोन-तीन फेऱ्या होतात आणि पार्सल आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन आमच्याकडे परत येतं. काही साड्या घेतल्या जातात आणि मग परत पाठवल्या जातात. आणि तुम्ही महिन्याच्या 7 आणि 22 तारखेला पेआउट, म्हणजे मुलींचं कमिशन, काढून मोकळे होता. साडी आमच्या कपाटात परत आलेली असते आणि तिच्यावरचं कमिशन आमच्या खात्यातून गेलेलं असतं.

दिवाळीचा हिशेब देते. कोल्हापूर भागातल्या एका मुलीशी आमचा कोलॅब होता, तिच्या कूपन कोडवर 10 टक्के कमिशन. सेमी पैठणी, 3,300 रुपयांची. तुमच्या डॅशबोर्डवर 64 ऑर्डरी, 2,11,200 रुपयांची विक्री, 21,120 रुपये कमिशन. त्यातल्या 19 साड्या परत आल्या. खरी विक्री 45 साड्यांची, म्हणजे 1,48,500 रुपये, आणि कमिशन व्हायला हवं होतं 14,850. जादा गेले 6,270. अशा चार जणींचे मिळून 19,840 रुपये आम्ही न झालेल्या विक्रीवर दिले. त्या परतीच्या पार्सलांचं जायचं-यायचं कुरिअर वेगळंच.

पैशापेक्षा वाईट जे झालं ते पुढे. मी त्या मुलीला फोन करून जादा रक्कम मागितली. ती म्हणाली, "ताई, माझ्या स्क्रीनवर तर 64 दिसतायत. तुम्ही आता 45 म्हणता, मी कशावर विश्वास ठेवू?" तिचं काय चुकलं? तिला तुम्ही 64 दाखवले होते. साडी नेसून, घरच्या अंगणात उभी राहून, मनापासून बोलणारी मुलगी. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनासुद्धा ती आवडायची. मार्चमध्ये गुढीपाडव्याला तिने दुसऱ्या दुकानाच्या साड्या दाखवल्या. माणूस जोडायला आम्हाला वर्ष लागलं होतं.

आमचं ऑनलाइन दुकान शॉपिफायवर आहे. तिथे ऑर्डर रद्द झाली, परतावा दिला, याची नोंद होते आणि ती नोंद तुम्हाला मिळू शकते. आमच्या जाऊबाईंचा मुलगा पुण्यात याच क्षेत्रात काम करतो. त्याने पाहून सांगितलं की आमच्या दुकानाची परवानगी देताना तुम्ही परताव्याची माहिती वाचायचीही परवानगी घेतलेली आहे. म्हणजे निरोप तुमच्या दारापर्यंत येतो. तुम्ही तो ऐकत नाही.

हे आम्हाला आधी माहीत नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. आम्ही विचारलं होतं. मागच्या जुलैत आम्ही दोघी जावांनी तीन सॉफ्टवेअरचे डेमो पाहिले. एक डॉलरमध्ये पैसे घेणारं होतं आणि त्यात कॅश ऑन डिलिव्हरी हा प्रकारच नव्हता. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आम्ही आभार मानून सोडलं. दुसऱ्यात इन्फ्लुएन्सर शोधायची सोय उत्तम होती पण पेमेंट आपलं आपण करायचं. तिसरं तुमचं. माझ्या वहीत त्या दिवशीचे तीन प्रश्न आजही आहेत. सीओडीची (कॅश ऑन डिलिव्हरीची) परती धरता का? टीडीएसचा हिशेब निघतो का? मराठीत बोलणाऱ्या मुली शोधता येतात का? तिन्हींपुढे मी "हो" लिहिलंय, कारण तुमच्या विक्रेत्याने तिन्हींना हो म्हटलं. "भारतीय ब्रँडसाठीच बनवलंय मॅडम," हे त्याचे शब्द. त्या शब्दावर आम्ही वर्षाचे 1,08,000 अधिक 18 टक्के जीएसटी, असे 1,27,440 रुपये एकरकमी भरले. आमची भागीदारी फर्म आहे, सासऱ्यांचे दोन माग आहेत, आणि ही रक्कम आम्ही नवा माग घ्यायला बाजूला ठेवली होती.

आता कालचा फोन.

दुपारी सव्वातीनला तुमच्या प्रतिनिधींचा फोन आला. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहिते. त्याच वेळी मी परत आलेलं एक पार्सल उघडत होते. ती साडी समोर होती म्हणून सांगते. घडी मोडलेली होती. नेसून, कुठल्यातरी कार्यक्रमाला मिरवून, पुन्हा घडी घालून पाठवलेली, पण घडी आमची नव्हती. पदरावरच्या मोराच्या चोचीपाशी जरीची तार ओढली गेली होती, बहुतेक बांगडीत अडकून. काठाला अत्तराचा वास. अशी साडी नवी म्हणून विकता येत नाही. मी ती मांडीवर घेऊन बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

मी म्हटलं, "ही साडी माझ्या हातात आहे. हिचे 330 रुपये कमिशन 7 तारखेला गेलं. ते परत कसं मिळवायचं?"

ते म्हणाले, "मॅडम, सिस्टीमप्रमाणे ही ऑर्डर कन्व्हर्ट झालेली आहे."

"साडी माझ्या हातात आहे."

"हो मॅडम, पण सिस्टीममध्ये कन्व्हर्टेड आहे."

मी तीनदा सांगितलं की साडी माझ्या हातात आहे. तिन्ही वेळा त्यांनी सिस्टीम सांगितली. मग त्यांनी मला थांबायला सांगितलं. सहा मिनिटं मी तुमची धून ऐकली. परत येऊन म्हणाले की एका मदत लेखाची लिंक पाठवतो. मी म्हटलं तो लेख मला चौथ्यांदा येतोय, त्यात लिहिलंय की परतीची वजावट हाताने करायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, आणि डेमोत हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? तुमच्या साइजच्या ब्रँडला एक्सेल शीटच पुरेल. हे टूल थोडं मोठ्या ब्रँडसाठी आहे."

माझ्या जाऊबाई शेजारी बसून टॅग लावत होत्या. त्यांचा हात थांबला. मला उत्तर सुचलं नाही. ऑगस्टमध्ये पैसे घेताना आमची साइज तुम्हाला चालली. तेव्हा आम्ही "ग्रोइंग ब्रँड" होतो. नऊ महिन्यांनी, तुमची चूक दाखवल्यावर, आम्ही एक्सेलच्या लायकीचे झालो. आम्ही एक्सेलच वापरत होतो हो. वहीसुद्धा वापरत होतो. त्या वहीत परत आलेली साडी विकलेली म्हणून कधी लिहिली गेली नाही.

त्यांच्यावर कारवाई करा असं मी म्हणत नाही. त्यांना जे शिकवलंय ते ते बोलले. पण हे वाक्य तुमच्या ऑफिसात आधी कुणीतरी बोललेलं असणार, त्याशिवाय ते इतक्या सहज तोंडात येत नाही.

बाकीच्या गोष्टीही नोंदवून ठेवते.

टीडीएस. नोव्हेंबरात नागपूरच्या एका मुलीला आम्ही मागावरची हातविणीची पैठणी दिली, किंमत 26,500. पैसे नाहीत, साडी तिने ठेवायची आणि दोन रील करायच्या, असा बार्टर. तुमच्या सॉफ्टवेअरने ती "भेट, मूल्य 0" अशी नोंदली. मूल्य भरायला रकानाच नाही. 1 जुलै 2022 पासून आयकर कायद्याचं कलम 194आर लागू झालं. धंद्यानिमित्त दिलेल्या वस्तूचं मूल्य एका माणसामागे आर्थिक वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस, आणि वस्तू देण्याआधी तो कर भरला गेल्याची खात्री करायची जबाबदारी देणाऱ्याची. शूटनंतर वस्तू परत आली तर प्रश्न नाही, ठेवून घेतली तर कर लागतो, हेही आयकर खात्याने तेव्हाच्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. सौंदर्यप्रसाधनं, मोबाइल, कपडे घेऊन रील करणाऱ्यांचा त्यात उल्लेख आहे, म्हणजे हे कलम तुमच्याच धंद्यातल्या व्यवहारावर बोट ठेवतं. एप्रिलमध्ये सीएंनी आमची खाती पाहिली तेव्हा हे उघड झालं. कर आणि व्याज आम्ही पदरचं भरलं, कारण सहा महिन्यांनी त्या मुलीकडे कर मागायला तोंड नव्हतं. रक्कम फार मोठी नाही. पण सासऱ्यांनी चाळीस वर्षं माग चालवला, कधी सरकारचं काही थकवलं नाही, आणि त्यांच्या नावाच्या फर्मला ही चूक लागली. टीडीएसचा हिशेब निघतो का, हा माझ्या वहीतला दुसरा प्रश्न होता. पुढे "हो" लिहिलंय.

जाहिरातीचं लेबल. अ‍ॅस्की या जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ते चटकन दिसेल असं लिहावं लागतं, हॅशटॅगच्या गर्दीत दडवून चालत नाही, आणि लेबल इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालतं. आमच्या मुली मराठीत बोलतात, म्हणून आम्ही त्यांना पहिल्याच ओळीत "जाहिरात" लिहायला सांगितलं. तुमच्या तपासणीने त्या सगळ्या पोस्टवर लाल खूण केली. एकीने 22 हॅशटॅगच्या शेवटी इंग्रजीत "अ‍ॅड" लिहिलं, तिला हिरवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्या हिरव्या खुणेवर विसंबलो असतो तर तो आमच्या दारात आला असता. आणि मराठी मुली शोधण्याबद्दल म्हणाल, तर तुमचं "मराठी" फिल्टर मुंबईत राहणाऱ्या हिंदी अकाउंटची यादी देतं. भाषा आणि शहर एकच धरलंय.

डिसेंबरात आमच्या सात मुलींच्या पोस्ट डॅशबोर्डवरून नाहीशा झाल्या. तुम्ही कळवलंत, "इन्स्टाग्रामकडून अडचण आहे." 4 डिसेंबर 2024 ला इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, मेटाने, जुना बेसिक डिस्प्ले एपीआय, म्हणजे वैयक्तिक खात्यांची माहिती तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरला देणारा मार्ग, बंद केला, आणि तो बंद होणार हे आधी जाहीर केलेलं होतं. वैयक्तिक खातं क्रिएटर खात्यात बदलायला फोनवर पाच मिनिटं लागतात. तुम्ही आम्हाला एक मेल आधी पाठवली असती तर मी सातही जणींना एका संध्याकाळी फोन करून ते करून घेतलं असतं. त्याऐवजी ऐन लग्नसराईत त्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवत बसल्या, आणि स्टोरी चोवीस तासांत जाते, तेव्हा ज्यांनी वेळेत पाठवले नाहीत त्यांचे आकडे कायमचे गेले.

पण या तिन्ही गोष्टी सोडून देईन. परत आलेल्या साडीवर कमिशन गेलं, ते सोडणार नाही. तो फोनही विसरणार नाही.

आमचं मागणं असं. जादा गेलेले 19,840 रुपये परत करा. राहिलेल्या तीन महिन्यांचे जीएसटीसह 31,860 रुपये परत करा. ऑगस्टचं आपोआप नूतनीकरण आजच बंद करा आणि तसं लेखी कळवा. आमच्या सगळ्या मुलींचे करार, पत्ते, पोस्ट आणि पेमेंटची नोंद आम्हाला एक्सेलमध्ये द्या, पीडीएफमध्ये नको. आणि त्या चौघींना तुमच्या नावाने पत्र पाठवा की आकडे तुमच्या सॉफ्टवेअरने चुकीचे दाखवले होते, आम्ही कुणाचे पैसे दाबलेले नाहीत. या शेवटच्या मागणीत एक पैसा नाही, पण मला ती सर्वांत जास्त हवी आहे.

31 मेपर्यंत उत्तर आलं नाही तर वकिलांची नोटीस येईल. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगात आम्हाला जागा नाही, असं तुमचे वकील म्हणतील. आमच्या वकिलांनी कायद्यातला स्वयंरोजगाराचा अपवाद वाचून दाखवलाय. आम्ही दोघी स्वतः राबून पोट भरतो, यापलीकडे आमच्याकडे कंपनी नाही. शिवाय येवल्यात ऑनलाइन पैठणी विकणारी अनेक घरं आहेत आणि आम्ही सगळे एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहोत. मागच्या वर्षी तिथे मीच तुमचं नाव सुचवलं होतं. ते मागे घ्यायचं काम माझं आहे आणि मी ते करणार.

दोन्ही भागीदारांच्या वतीने,
तुमच्या ग्राहक

ता.क. अक्षय तृतीयेच्या ऑर्डरींचं पेआउट येत्या 22 तारखेला आपोआप जाणार आहे. त्यातली आठ पार्सलं या क्षणी परतीच्या वाटेवर आहेत, ट्रॅकिंग क्रमांक सोबत जोडले आहेत. पेआउट थांबवायचं बटण आमच्या प्लॅनमध्ये नाही. ते तुम्ही थांबवा.