तेरेश्कोवांची गोष्ट मुलांना पूर्ण सांगा

संपादक महोदय,

बालपुरवणीतील व्हॅलेंटिना तेरेश्कोवा यांच्यावरचा लेख मी वर्गात वाचून दाखवला. पहिल्या महिला अंतराळवीराची मुलांना ओळख करून दिल्याबद्दल आभार. मात्र गरीब घरातली मुलगी अवकाशात गेली आणि जगभर तिचे नाव झाले, एवढ्यावरच गोष्ट उरकली आहे. मुलांचा पहिला प्रश्न होता, ‘तिलाच का पाठवलं?’ लेखात त्याचे उत्तर नाही आणि खरी गोष्ट तर तिथेच सुरू होते.

सोव्हिएत संघाच्या व्होस्तोक यानात बसून जमिनीपर्यंत येणे धोक्याचे होते, कारण यान फार जोरात आदळत असे. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर अंतराळवीर खुर्चीसकट बाहेर फेकला जाई आणि पुढे पॅराशूटने उतरे. युरी गागारिनही तसेच उतरले. साहजिकच महिलांची निवड करताना पॅराशूटच्या उड्यांचा अनुभव मोलाचा ठरला. तेरेश्कोवा यारोस्लाव्हलच्या कापड गिरणीत कामगार होत्या. ट्रॅक्टर चालवणारे वडील युद्धात मारले गेले, तेव्हा त्या जेमतेम दोन वर्षांच्या होत्या. गिरणीतले काम सांभाळून त्यांनी टपालाद्वारे शिक्षण पूर्ण केले आणि तिथल्या एअरोक्लबमध्ये उड्या मारायला शिकल्या. पहिली उडी १९५९ सालची. तोवर कोणीच माणूस अवकाशात गेला नव्हता! कसलीही स्पर्धा परीक्षा डोळ्यांपुढे न ठेवता, निव्वळ आवडीने केलेली ही गोष्ट पुढे कामी आली. मुलांना हे कळायलाच हवे, त्यांच्या पालकांनाही.

१६ जून १९६३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या एकट्या गेल्या आणि जवळजवळ तीन दिवसांत पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा करून परतल्या. आईला त्यांनी पॅराशूटच्या कामासाठी जाते असेच सांगितले होते. खरे काय ते आईला बातमीतून कळले. एवढा सगळा वेळ अंतराळपोशाखात, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत गेला. मळमळत होते, शिरस्त्राणाचा खांद्यावर भार येत होता. लेखात मात्र फक्त हसरा फोटो आहे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग तर पूर्णच गळला आहे. यानाची दिशा ठरवणाऱ्या यंत्रणेत चूक होती. ती तशीच राहिली असती, तर परतीच्या वेळी यान खाली येण्याऐवजी आणखी वर गेले असते. तेरेश्कोवांनी सांगितल्याप्रमाणे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली, त्यांनी जमिनीवर कळवले आणि दुरुस्त आकडे मिळवले. यानाचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह यांनी याची वाच्यता करू नका, असे सांगितले, म्हणून त्या कित्येक दशके गप्प राहिल्या. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्याइतके हे मुलांना धरून ठेवते, हे मी अनुभवाने सांगते.

आणखी एक. त्या पुन्हा कधी अवकाशात गेल्या नाहीत. त्यांच्या तुकडीतल्या बाकीच्या चौघींना एकदाही संधी मिळाली नाही आणि १९६९ मध्ये ती तुकडीच मोडली. दुसरी महिला, स्वेतलाना सावित्स्काया, अवकाशात गेली ती थेट १९८२ मध्ये. हा एकोणीस वर्षांचा खंड मुलांपासून लपवू नये.

पुढच्या एखाद्या अंकात हा राहिलेला भाग, खुर्ची यानाबाहेर कशी पडते हे दाखवणाऱ्या साध्या आकृतीसह छापावा, ही विनंती. चौथी-पाचवीच्या मुलांना तो नीट समजतो.

— एक शिक्षिका