‘कुठवर आला प्लेग?’ विचारणाऱ्या काकांना

काका,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक प्रबंध चाळता चाळता ऋणनिर्देशाच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "बरीच माणसं दिसताहेत हो तुमच्या मागे." सगळे हसले, मीही हसले. रात्री घरी ते पान पुन्हा काढून वाचलं आणि काही केल्या झोप येईना.

त्या पानावर कोण नाही? ज्या कार्यालयात माझी फाईल चार महिने एकाच टेबलावर धूळ खात पडली, त्या कार्यालयाचं ‘मोलाचे सहकार्य लाभले’ आहे. ‘आता या वयात कशाला हवंय हे’ म्हणणारे नातेवाईक ‘सदैव पाठीशी उभे राहिले’ आहेत. असं लिहायची पद्धतच आहे, त्याला इलाज नाही. टायपिंगवाला आहे, बाइंडिंगवाला आहे. फक्त तुम्ही नाही. कारण तुमचं नावच मला माहीत नाही. दोन वर्षं मी तुम्हाला रोज बघत होते, आणि एकदाही विचारलं नाही. सगळे ‘काका’ म्हणायचे, मीही म्हणत गेले.

म्हणून हे पत्र. तुमच्यापर्यंत पोचेल की नाही कोण जाणे, पण निदान कुणी वाचून म्हणेल, ‘अरे, हे तर आपले अमुक!’

मी कोण ते आधी सांगते. जुलै २००३. नगर जिल्ह्यातून एम.ए. इतिहासाला आलेली, दोन वेण्या घालणारी, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी मुलगी. तुम्ही तिथले सेवक, मला ‘ताई’ म्हणायचात. तेव्हा पाटीवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ होतं, सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये लागलं.

माझा प्रवेश तेव्हा अर्धवट होता. बी.ए. जिथून केलं त्या कॉलेजने दाखला अडवून ठेवला होता. कारण काय, तर त्यांच्या ग्रंथालयाचं १४५ रुपयांचं एक पुस्तक माझ्या नावावर बाकी दाखवत होतं. मी ते परत केलेलं होतं. बरं, पैसे भरते म्हटलं तर पैसे घ्यायचे कुणी? क्लार्क रजेवर. क्लार्क आले तर साहेब मीटिंगला. साहेब आले तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी क्लार्ककडे. चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी वडील माझ्यासोबत एसटीने यायचे, खिडकीपाशी हात जोडून उभे राहायचे, आणि त्या खिडकीतून कुणी मान वर करून बघायचंसुद्धा नाही. ते पुस्तक पुढे दिवाळीत सापडलं. एका प्राध्यापकांच्या कपाटात. ‘सापडलं बरं का’ एवढाच निरोप आला.

पुण्यात मामा होते. मामींनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी, पोरांच्या परीक्षा आहेत, म्हणाल्या. जुलै महिन्यात! मग मी वसतिगृहात गावाकडच्या एका ताईच्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहिले. बाहेरच्यांना हा शब्द शिवी वाटेल, पण आपल्या आवारात तो निम्म्या पोरापोरींचा पत्ता होता. खाटेखाली वळकटी, रेक्टर मॅडमची चक्कर आली की बाथरूममध्ये, आणि रिफेक्टरीचं, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीचं, एक ताट दोघींत. ताट देणारे मावशी-मामा बघूनही न बघितल्यासारखं करायचे. भात मात्र एका माणसाला जरा जास्तच वाढायचे.

तर, दिवसभर जायचं कुठे? खोलीत थांबता येत नव्हतं. ४११ एकरांचं आवार, वडाच्या पारंब्या, सकाळी औंधाकडून फिरायला येणारे कानटोपीवाले आजोबा, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतला तो संथ हलणारा लंबक, सगळं बघून झालं. विभागात तास दोन-तीनच. उरलेला वेळ जयकर. फी भरल्याची तात्पुरती पावती दाखवली आणि तुम्ही आत सोडलंत. मोठ्या वाचनकक्षात जागा मिळणं मुश्कील, एमपीएससीची मंडळी पहाटे येऊन खुर्चीवर पिशवी ठेवून जायची. तुम्ही मला बाजूच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल दाखवलंत, एक पाय थोडा डगडगणारं.

तिथे मला तो ग्रंथ सापडला. १८९७ च्या प्लेगवरचा, पुठ्ठा सुटलेला, मध्येच पानं पिवळी पडून तुकडे होणारा. माझ्याकडे कार्ड नव्हतं, त्यामुळे तो बाहेर नेता येत नव्हता. संध्याकाळी परत ठेवायचा आणि सकाळी पुन्हा शोधायचा. दुसऱ्या दिवशी तो जागेवर नव्हता. कुणीतरी भलत्याच कपाटात खोचला होता, मला शोधायला दीड तास लागला. तुम्ही लांबून बघत होता, बोलला नाहीत काही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तक घेऊन उठले तेव्हा तुम्ही हात पुढे केलात. "द्या इकडे." भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेल्या दिवसाचा कागद फाडलात, त्याच्या पाठीवर निळ्या शाईने काहीतरी लिहिलंत, तो मी थांबले होते त्या पानात घातलात आणि पुस्तक तुमच्या टेबलाच्या खणात, डब्याच्या पिशवीशेजारी ठेवून दिलंत. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तर आत लिहिलं होतं:

‘वाचन चालू आहे. हलवू नये.’

खाली तारीख. सही नाही.

काका, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुमच्या दृष्टीने अर्ध्या मिनिटाचं काम. पण माझं तेव्हा काय चालू होतं ते बघा. प्रवेश चालू नव्हता, तो अडला होता. राहणं चालू नव्हतं, ते चोरून होतं. घरून पैसे यायचे ते कधी बंद होतील सांगता येत नव्हतं. त्या दोन महिन्यांत माझ्याबद्दल जे जे कागदावर लिहिलं गेलं त्यात ‘बाकी’, ‘अपूर्ण’, ‘त्रुटी’ हेच शब्द होते. आणि तुम्ही लिहिलंत, चालू आहे. एका ग्रंथालयाने मी परत केलेल्या पुस्तकासाठी मला धरून ठेवलं, आणि दुसऱ्या ग्रंथालयातल्या एका माणसाने माझ्यासाठी पुस्तक धरून ठेवलं. मी त्या टेबलावर डोकं टेकून रडले होते. तुम्ही पंख्याचं बटण चालू करून निघून गेलात. तेही बरं केलंत.

पुढचे अकरा दिवस तुम्ही ते पुस्तक रोज खणातून काढून द्यायचात आणि देताना विचारायचात, "काय ताई, कुठवर आला प्लेग?"

पहिल्यांदा मला कळेना काय उत्तर द्यावं. मग सवय झाली. "अजून मुंबईतच आहे, काका. १८९६ चालू आहे." दोन दिवसांनी, "पुण्यात शिरला." मग, "गोरे सोल्जर घरात घुसताहेत." तुम्ही मान हलवायचात, जणू शेजारच्या गल्लीतली खबर. पेठापेठांतून घरझडती, संशयिताला उचलून इस्पितळात, बाकी घरादाराला छावणीत, घरातलं सामान चौकात जाळायचं. हे मी तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही सेवकांच्या खोलीत चहा घेता घेता बाकीच्यांना सांगायचात. तिथले एक दादा मला मधूनच विचारायचे, "टिळकांना पकडलं का हो?" मी म्हणायचे, "अजून नाही, थोडं थांबा."

आणि मग रँडचा, पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताच्या त्या इंग्रज अधिकाऱ्याचा, दिवस आला. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ, तो आटोपून रात्री रँड बग्गीतून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याला गोळी घातली. मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, तो जागीच गेला. रँड ३ जुलैला. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हातातली पुस्तकं खाली ठेवलीत.

"गव्हर्नरचा बंगला म्हणजे कुठला?"

"आपली मुख्य इमारत, काका."

"म्हणजे रँड आपल्या ऑफिसातनं निघाला म्हणा की!" आणि थोडं थांबून, "मी रोज सायकलने त्याच रस्त्याने येतो."

माझ्या प्रबंधाची सुरुवात तिथे झाली. मार्गदर्शकांना मी काहीतरी भारदस्त कारण सांगितलंय, ते प्रस्तावनेत छापलंही आहे. खरं कारण तुमची सायकल. इतिहास म्हणजे सनावळ्या असं मी बी.ए.पर्यंत समजत होते. आपण जिथे फीच्या रांगेत उभे राहतो तिथून एकजण शंभर वर्षांपूर्वी मरायला निघाला होता, हे तुमच्या तोंडून आलं तेव्हा अंगावर काटा आला.

नंतर वाचत गेले तशी आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगायची राहून गेली. रँडला गोळी लागली त्याच्या साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई गेल्या. त्याच प्लेगने. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी स्वतः उचलून आणलं आणि त्यांनाच लागण झाली. एक जण प्लेगच्या नावाखाली लोकांची घरं उलथीपालथी करत होता, आणि एक बाई प्लेगचं पोर पाठीवर घेऊन चालत होती. ज्या बंगल्यात तो मेजवानीला गेला होता त्याच्या दारावर आज तिचं नाव आहे. २०२२ पासून मुख्य इमारतीच्या परिसरात तिचा पुतळाही आहे. नामांतराच्या वेळी पुष्कळ भाषणं झाली, पण हा एवढा हिशेब कुणी मांडलेला माझ्या तरी कानावर आला नाही. तुम्ही असतात तर चहाच्या खोलीत नक्की मांडला असतात.

आणि पॅरासाइटची गंमत. विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ ला, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू. पण स्वतःची जागा कुठे होती? पहिले काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये चालला, १ जूनला गणेशखिंडीत मुक्काम हलला. म्हणजे बारा जिल्ह्यांचं हे एवढं मोठं विद्यापीठ, तेसुद्धा सुरुवातीला दुसऱ्याच्या खोलीत वळकटी टाकून राहिलं होतं. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगाव वेगळं झालं, आता पुणे, नगर, नाशिक राहिले. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा गेस्ट हाऊसपाशी थांबते जरा. नव्याने आलेल्या, कुणाच्या तरी खोलीत लपून राहणाऱ्या पोरीचा चेहरा तेवढ्याने सैल होतो, मी पाहिलंय.

दाखला ऑगस्टअखेर आला, कार्ड झालं, खोलीही मिळाली. त्यात तुमचा काही हात नव्हता, उगाच श्रेय देत नाही. माझं कुठलंही काम तुम्ही केलं नाहीत. ओळख लावली नाही, कुणाला फोन केला नाही, नियमही मोडला नाही. पुस्तक ग्रंथालयातच होतं ना! तुमच्या हद्दीत जेवढं होतं, एक खण आणि एक कॅलेंडरचा कागद, तेवढ्यात तुम्ही माणसासारखं वागलात. ज्यांच्या हद्दीत शिक्के आणि कपाटं होती त्यांना ते जमलं नव्हतं. हल्ली मीही एका छोट्या खुर्चीवर बसते, माझ्या खिडकीशीही कुणाचे तरी वडील हात जोडून उभे राहतात. कामाच्या गर्दीत माझी मान दर वेळी वर होतेच असं नाही. खोटं कशाला बोलू.

परवा शनिवारी जयकरला येऊन गेले. पाटीवर आता ‘ज्ञानस्रोत केंद्र’ आहे. सगळे चेहरे नवीन. खिडकीजवळ तसलंच एक टेबल होतं, पण पाय डगडगत नव्हते. एका तरुण सेवकाला तुमचं वर्णन सांगितलं: उंच, सायकल, निळ्या शाईचं पेन, डब्याची खाकी पिशवी. तो म्हणाला, "तसे बरेच असतील हो मॅडम. रिटायर होऊन गावाला गेले असतील." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बसा ना थोडं. पाणी आणू?"

चिठ्ठी माझ्याजवळ आहे. पुस्तक संपलं त्या दिवशी तुम्ही ती काढून कचऱ्यात टाकायला निघालात आणि मी मागून घेतली. तुम्हाला नवल वाटलं होतं. आता ती प्रबंधाच्या माझ्या प्रतीत, ऋणनिर्देशाच्या पानात आहे. शाई फिकट झाली आहे, पण ‘हलवू नये’ स्पष्ट वाचता येतं.

आणि तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून ठेवते. प्लेग संपला, काका. पान २८६.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची ताई