45 मीटर साखळीबद्दल आभार

आदरणीय काका,

त्या संध्याकाळी आम्ही नांगर टाकून निवांत बसलो होतो, तेवढ्यात तुम्ही डिंगी वल्हवत आमच्या नौकेपाशी आलात. ओळखपाळख नंतर. पहिला प्रश्न होता, "साखळी किती सोडलीत?" मी म्हटलं, "20 मीटर. पाणी 5 मीटर आहे." त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "5 कुठून मोजलेत?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

खोली दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर पाण्याखाली अर्धा मीटर होता. नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, साखळी सुटते तो रोलर पाण्याच्या वर 1.3 मीटर. रात्री भरतीला पाणी आणखी 2.2 मीटर चढणार होतं. यंत्राने सेन्सरपासून मोजलेले 5 मीटर धरून सगळं मिळून 9 मीटर! मी जिला चौपट साखळी समजत होते, ती भरतीच्या वेळी सव्वादोन पटही भरत नव्हती. पाचपट हवी तर 45 मीटर लागणार. डिंगीत बसूनच तुम्ही हे समजावलंत. वारा दुप्पट झाला की नौकेवरचा जोर चौपट होतो, साखळीचा झोल जवळजवळ निघून जातो, आणि मग ओढ नांगराला तळात रुतवते की वर उपसते, हे सोडलेल्या लांबीवर ठरतं.

पण तिथेच 45 मीटर सोडली असती, तर वारा फिरल्यावर आमची नौका मागच्या नौकेवर गेली असती. म्हणून तुम्ही आम्हाला नांगर उचलायला लावलात. तो वर आला तो गवताचा गोळा घेऊनच. तळात शिरलाच नव्हता. तुम्ही पाण्यातला वाळूचा फिकट पट्टा दाखवलात आणि स्वतः वर येऊन माझ्या शेजारी उभे राहिलात.

नौका पूर्ण थांबल्याशिवाय नांगर सोडायचा नाही. तो टेकला की वारा नौकेला मागे नेईल तशी साखळी सोडायची, एका जागी ढीग पडू द्यायचा नाही. मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अगदी हळू. "त्याला शिरायला वेळ द्या," तुम्ही माझ्या भावाला ओरडून सांगितलंत आणि माझा तळहात साखळीवर ठेवायला लावलात. थरथर जाणवत होती, म्हणजे नांगर घसरत होता. मग ती थांबली. भावाने इंजिनचा जोर वाढवला, साखळी ताठ झाली, आणि काठावरचा खांब व त्यामागचं झाड एका रेषेत राहिले ते राहिलेच, म्हणजे नौका जागची हलत नव्हती. कुठल्याही वर्णनातून मला हे कळलं नसतं, ते हातालाच कळावं लागतं.

मध्यरात्री वारा 15 नॉटवरून 30 वर गेला. सकाळी आम्ही होतो तिथेच होतो. वीस मीटरवर, गवतात, काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमचं सगळं सामान तपासलंत. शॅकलची, म्हणजे साखळी जोडायच्या कडीची, पिन तारेने बांधलेली नव्हती. स्विव्हल, म्हणजे साखळीला पीळ पडू न देणारा फिरता जोड, थेट नांगराच्या दांड्याला जोडलेलं होतं. आडवी ओढ आली तर तेच आधी वाकतं, म्हणून तुम्ही ते काढूनच टाकायला लावलंत. साखळीचं शेवटचं टोक लॉकरमध्ये शॅकलने पक्कं केलेलं होतं. तिथे तुम्ही डेकपर्यंत पोहोचेल असा दोर बांधलात, जीव वाचवायला साखळी सोडायची वेळ आली तर सुरीने कापता यावा म्हणून.

आमच्या जुन्या, नांगरटीच्या फाळासारख्या नांगराला मात्र तुम्ही नावं ठेवली नाहीत. ती रचना जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाची, 1933 सालची, समुद्री विमानांसाठी केलेली, हे तुम्ही किती कौतुकाने सांगितलंत! कुठला नवा घेऊ असं विचारलं, तर ब्रँड सांगण्याआधी मुक्काम कुठल्या तळावर असतात ते विचारलंत. डॅनफोर्थ पद्धतीचा चपट्या पात्यांचा नांगर वाळूत आणि चिखलात वजनाच्या मानाने फार घट्ट धरतो, पण वारा उलटला की निसटून पुन्हा रुतेलच असं नाही. पंजासारखा पटकन बसतो, पण तितक्याच वजनात कमी धरतो. आम्ही शेवटी खोलगट पात्याचा, वर कमान असलेला घेतला, तक्त्यात आमच्या नौकेच्या लांबीपुढे लिहिलेल्या मापापेक्षा एक माप मोठा. कमान रोलरवर बसेल का हे आधी पुठ्ठ्याचा साचा करून पाहिलं. तुम्ही सांगितलं नसतंत तर ते सुचलं नसतं.

आणि तो स्नबर, साखळीला हुकाने अडकवून नौकेला बांधायचा लवचिक दोर. ओढ विंडलासवर, म्हणजे साखळी ओढायच्या चरकावर, राहू द्यायची नाही म्हणत तुम्ही तुमच्याच लॉकरमधला 10 मीटर नायलॉनचा दोर काढून दिलात. आम्ही तो खूप वापरला. झटके त्याने खाल्ले, साखळीची खडखड थांबली. चॉकपाशी, म्हणजे नौकेच्या काठावर दोर जातो त्या खाचेपाशी, तो घासून झिजला, म्हणून आता तीन पेडी नवा नायलॉन घेतला आहे, घासण्याच्या जागी जाड नळी चढवली आहे. साखळीत अडकवायचा हूक तुमचाच आहे. कधी एकाच खाडीत मुक्काम पडला, तर घेऊन येते.

तुमची,
नाळेवर हात ठेवून उभी असलेली